आप्पांच्या अल्बमचं कुलूप

शिरूरसारख्या गावात कॉम्प्युटरचं दुकान काढलं की दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे कोपऱ्यातला बिघडलेल्या कीबोर्डांचा ढीग आणि दुसरी म्हणजे किस्से. कीबोर्ड मी केव्हाच भंगारात घातले. किस्से मात्र भंगारवालाही नेत नाही! चार मैत्रिणी जमल्या की "ते आप्पांचं सांग ना" अशी फर्माईश होते, आणि मग समोरचा चहा गार झाला तरी माझं तोंड मिटत नाही. आता लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात जरा जागा होईल.

दोन हजार सालानंतरची पहिली तीन-चार वर्षं. दुकान एसटी स्टँडजवळ. आम्ही दोघं भागीदार, मी आणि सलीम. मी क्लास घ्यायची, गिऱ्हाइकांशी बोलायची आणि चिडायची. सलीमचं घराणं इथलं जुनं, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यामुळे बारीक स्क्रू आणि बारीक चूक, दोन्ही त्याला बरोबर दिसायचं. फक्त जरा उशिरा दिसायचं!

आमचं पहिलंवहिलं वेबसाइटचं गिऱ्हाईक म्हणजे आप्पा. तालुक्यातल्या एका वधूवर सूचक मंडळाचे अध्यक्ष. पांढरी टोपी आणि बगलेत जाडजूड अल्बम. शिरूरपासून दौंडपर्यंतच्या लग्नाच्या मुलींचे फोटो त्या अल्बममध्ये. अल्बम आता इंटरनेटवर ठेवतात, असं त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं डोक्यात भरवलेलं. आप्पा दुकानात आले आणि खुर्चीत टेकायच्या आधी म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट पयली. हितं जेवढ्या पोरी हायेत, त्यांच्या बापास्नी म्या जबान दिली हाय. फोटो भलत्याच्या हाती जायचा न्हाई. ह्यो अल्बम म्या उशाला घिऊन झोपतो. तुमच्या इंटरनेटला कुलूप हाय का?"

"आहे की!" मी म्हणाले.

सलीमनं माझ्याकडे बघितलं. ते कुलूप आम्ही दोघांनीही तोवर पुस्तकातच पाहिलं होतं!

कुलपाची रीत साधी. साइट अमेरिकेतल्या कुठल्याशा सर्व्हरवर, भाड्याच्या जागेत. तिथे फोटोंचं एक फोल्डर. त्या फोल्डरमध्ये एक चिमुकली फाइल ठेवायची. तिचं काम दारावरच्या वॉचमनचं: "नाव सांग, पासवर्ड सांग, मग आत जा." दुसरी फाइल म्हणजे सभासदांच्या नावांची आणि पासवर्डांची यादी. वॉचमन ती यादी बघून माणसाला आत सोडतो. संपलं. पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात होतं. आमची त्यात तीन वर्षं गेली.

*

पहिल्या दिवशी आप्पा अख्खी कार्यकारिणी घेऊन आले. सात माणसं, चार खुर्च्या. मी टेचात सांगितलं, "आता मी फोटोंचं पान उघडते. लगेच पासवर्ड विचारेल बघा."

मोडेम किंचाळला, घरघरला आणि गप्प झाला. आणि पासवर्ड-बिसवर्ड काही न विचारता फोटो एकेक करून पडद्यावर उतरायला लागले!

माझे कान तापले. सलीम घाईघाईनं टेबलाखाली शिरला. तिथे काहीही बिघडलेलं नव्हतं, पण तिथे तोंड तरी लपत होतं.

चूक एवढीशीच होती. वॉचमनची फाइल आम्ही नोटपॅडमध्ये लिहिली होती, आणि नोटपॅडनं न विचारता तिच्या नावाला आपली 'डॉट टीएक्सटी' ही शेपटी जोडली होती. नाव बदललं म्हणून सर्व्हर तिला ओळखेना. थोडक्यात, वॉचमन कामावर रुजूच झालेला नव्हता.

कार्यकारिणीतल्या एका मामांनी विचारलंच, "आप्पा, ह्ये तर काय इचारतच न्हाई की!"

आप्पांनी टोपी सारखी केली. "अध्यक्षाला कशाला इचारंल? वळखलं त्येनं मला!"

सातही माणसांनी मोठ्या कौतुकानं मॉनिटरकडे पाहिलं. मंडळी रस्ता ओलांडेपर्यंत सलीमनं ती शेपटी छाटली होती.

*

मग कुलूप लागलं. इतकं घट्ट लागलं की कोणालाच आत जाता येईना!

वढू बुद्रुकचे एक निवृत्त मुख्याध्यापक मंडळाचे सभासद होते. दोन मुली लग्नाच्या. तिसऱ्या दिवशी ते एसटीनं आले आणि टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. "मॅडम, मी पासवर्ड सदतीस वेळा लिहिला. प्रत्येक वेळची वेळ आणि निकाल इथे नोंदवलाय."

मी वही उघडली. सुवाच्य अक्षरात सदतीस ओळी. निकालाच्या रकान्यात सदतीस वेळा 'पुन्हा विचारले'.

"तुम्ही एखादं अक्षर चुकत असाल, गुरुजी," मी म्हणाले.

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पासवर्ड बरोबर आहे. यंत्र नापास झालंय."

सलीम तासभर स्क्रीनला नाक लावून बसला होता. एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "ताई, आपण त्याला आपल्या दुकानाचा पत्ता दिलाय!"

झालं होतं असं, की यादी कुठे ठेवलीय हे वॉचमनला पूर्ण पत्त्यासकट सांगावं लागतं. सलीमनं पत्ता लिहिला तो आमच्या दुकानातल्या मशीनचा. आता अमेरिकेतला वॉचमन शिरूरचं टेबल कुठून उघडणार? त्याला यादी सापडेना, म्हणून तो येईल त्याला परत पाठवत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पत्ता बदलला. अडतिसाव्या खेपेला गुरुजी आत गेले. वहीत 'उत्तीर्ण' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि उठताना मला म्हणाले, "पुन्हा अशी चूक झाली तर पालकांना घेऊन या!"

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. आणि खरं सांगते, घाबरले!

*

अहवालाचा किस्सा छोटा आहे, पण तो सांगताना अजूनही माझा रक्तदाब वाढतो.

मंडळाचा वार्षिक अहवाल दरवर्षी छापून पोस्टानं सगळ्यांना जायचा. त्या वर्षीचा हातात आला. पहिल्या पानावर आप्पांचा फोटो, दुसऱ्यावर मनोगत, आणि तिसऱ्यावर 'सभासदांची नावे व त्यांचे पासवर्ड'! चौकटीत. गावानुसार लावलेले!

मी तशीच आप्पांच्या घरी गेले. अहवाल पुढ्यात आपटला. "आप्पा, हे काय?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "पारदर्शक कारभार हाय आपला!"

सगळ्यांचे पासवर्ड बदलायला आम्हाला आठवडा लागला. त्यातल्या निम्म्यांचे आधीही 'खंडोबा' होते आणि नंतरही 'खंडोबा'च झाले.

*

आता रुसव्यांचा किस्सा. हा माझा लाडका, आणि अहवालाच्याही आधीचा.

दौंडकडचे एक शेतकरी आबा एके दिवशी दुकानात येऊन नुसतेच बसले. पाणी दिलं, घेतलं नाही. चहा दिला, घेतला नाही. शेवटी म्हणाले, "मला मंडळातनं काढलं न्हवं? पासवर्ड टाकतोय तर म्हणतंय, चुकीचा हाय. आवो, सरळ सांगायचं हुतं."

"आबा, कोणी काढलं नाही तुम्हाला!"

"मला ठावं हाय कारण. मेळाव्यात मला मानाचा नारळ दिला न्हाई म्हून म्या आप्पाचं भाषण चालू असताना उठून गेलो. त्येचा राग काढला त्यांनी."

आबांना समजावून पाठवते तोवर दुसरे दारात. त्यांचाही पासवर्ड चालेना. त्यांच्या मते, आप्पांच्या पुतणीला त्यांनी सुचवलेलं स्थळ ऐनवेळी मोडलं, त्याचा हा सूड होता. तिसरे आले, ते रडवेले. "मॅडम, आप्पास्नी म्हणावं, चुकलं माजं. यष्टीत बसून म्याच बोललो हुतो की आप्पाला काय कळतंय इंटरनेटमधलं."

आठवडाभर हेच! सभासद येत होते आणि विचारल्याशिवाय कबुली देत होते. प्रत्येकाला आपल्याला का काढलं याचं कारण अगदी पक्कं ठाऊक होतं, आणि एकाचंही कारण दुसऱ्याशी जुळत नव्हतं!

इकडे सलीमला भुताटकी वाटायला लागली होती. ज्याला आज पासवर्ड दिला तो आत जायचा, पण कालचे सगळे बाहेर. अखेर त्याला सापडलं. यादीत नाव घालायच्या कमांडमध्ये इंग्रजी 'सी' हे एक अक्षर होतं. त्याचा अर्थ, नवी कोरी यादी तयार कर. ते फक्त पहिल्याच वेळी घालायचं असतं. आम्ही पुस्तकातली कमांड जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली होती आणि दर नव्या सभासदाला तीच मारत होतो. म्हणजे नवा माणूस आत घेतला की जुनी अख्खी यादी साफ! जो शेवटी येईल तोच एकटा सभासद.

आप्पांना बोलावून आम्ही खाली मान घालून सगळं सांगितलं. कबुल्याही सांगितल्या. आप्पांनी एकेकाचं नाव ऐकून बोटांवर मोजलं आणि ते मिशीत हसले.

"लगेच दुरुस्त करतो, आप्पा," सलीम म्हणाला.

"थांबा वाईच," आप्पा म्हणाले. "घाई करू नगा. आजून दोघं यायचेत!"

*

सगळं हसण्यावारी गेलं असं मात्र नाही. एकदा दुकानात फोन वाजला. साइटवर मंडळाचा म्हणून आमचाच नंबर दिलेला होता. पलीकडे हिंदी बोलणारा कोणी होता, शिक्रापूरला खोली घेऊन राहणारा कंपनीतला कामगार.

"मैडमजी, मैं तो यहाँ कैफे में रेलवे का टाइम देखने बैठा था. सामने लड़कियों के फोटो खुल गए. नाम, गाँव, सब कुछ."

त्याच्या आधी त्या मशीनवर आमचा एक सभासद बसला होता. पासवर्ड टाकून, फोटो बघून, तसाच उठून गेला होता. या कुलपाला बाहेर पडायचं दारच नसतं. ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करीपर्यंत तो पासवर्ड धरून ठेवतो आणि पुढच्या माणसाला खुशाल आत सोडतो. हे पुस्तकाच्या त्या अर्ध्या पानात नव्हतं.

"हमारी भी तीन बहनें हैं, मैडमजी," तो म्हणाला. "हमने बंद कर दिया. पर अगला वाला बंद नहीं करेगा."

मी आप्पांपासून लपवलं नाही. सांगितलं. बगलेतला अल्बम त्यांनी टेबलावर ठेवला, त्याच्यावर हात फिरवला. "मॅडम, ह्यो पुठ्ठ्याचा बरा हुता. मिटला की मिटत हुता."

मला फार वाईट वाटलं. दुकान काढायच्या आधी माझा स्वतःचा फोटोही दोन वर्षं त्या अल्बममध्ये होता. कुठे कुठे फिरून आला असेल तो, पण आप्पांनी तो कधी कोणाच्या घरी ठेवला नव्हता. समोर बसून दाखवायचे आणि परत आणायचे. शब्दाला जागणारा माणूस. आणि मी त्याला "आहे की!" म्हणून मोकळी झाले होते.

सलीमनं तोडगा सांगितला, उठताना ब्राउझर पूर्ण बंद करायचा. आप्पांना 'ब्राउझर'वर भरवसा वाटेना. त्यांनी सगळ्या सभासदांना पत्र धाडलं: 'काम झाल्यावर मशीनच बंद करावे. हयगय करू नये.'

पंधरा दिवसांत शिक्रापूरच्या कॅफेवाल्याचा फोन. "मॅडम, तुमच्या मंडळातले एक काका काल मेन स्विच पाडून गेले. सहाच्या सहा मशीन गेल्या! आता टोपीवाला माणूस दारात दिसला की मी आधी मेणबत्ती शोधतो!"

*

आणि आता रूपालीचा.

दुपारची वेळ. पंचविशीची एक मुलगी दुकानात आली. कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "मी रूपाली. नारळावरनं रुसलेले दौंडचे आबा, त्यांची मुलगी. मंडळाच्या साइटवर माझं पान हाय. मला बघायचंय."

"बघ की. नाव आणि पासवर्ड?"

"त्ये आबांकडं. त्ये देत न्हाईत. म्हणतात, तुला काय करायचंय?"

सलीमनं यादी उघडली. वरपासून खालपर्यंत नावं वाचली. बाप, काका, मामा, भाऊ. एकाही मुलीचं नाव नव्हतं. तीन वर्षं मी ती यादी हातानं भरत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आप्पा नेमके दुकानातच होते, नवीन फोटो द्यायला आलेले. म्हणाले, "पोरी, मंडळाचा नियम हाय. पासवर्ड सभासदाला."

रूपाली त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "आप्पा, तुम्ही आबांना जबान दिली हुती. फोटो भलत्याच्या हाती जायचा न्हाई."

"दिली की. आजून पाळतोय."

"म्हंजी यादीत हायेत ती सगळी आपली माणसं. आन् यादीत न्हाई ती भलती."

"आक्षी बरुबर!"

"मंग त्या यादीत मी न्हाई, आप्पा. भलती मीच का?"

आप्पांनी टोपी काढली, परत घातली. सलीमकडे न बघताच म्हणाले, "नाव घाला तिचं."

सलीमनं नाव घातलं. 'सी' न घालता!

पान उघडलं. रूपालीनं आपला फोटो बघितला, नाक मुरडलं. मग मजकूर वाचायला लागली. 'वर्ण गोरा' याला ती खळखळून हसली. शेवटच्या ओळीला मात्र हसू थांबलं. तिथे होतं, 'विवाहानंतर नोकरी सोडण्यास तयार'.

"ह्ये मी कवा म्हणाले?"

तिनं सलीमला विचारलं, "भाऊ, ही ओळ बदलता येती?" येते. "आन् माझ्या एकटीच्या पानाला येगळं कुलूप बसतं?" बसतं. पान वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं, त्याला वेगळा वॉचमन, यादीत एकच नाव. तिनं नवीन ओळ स्वतः टाइप केली, आम्हाला पाठ करून बसायला सांगून. पासवर्डही स्वतः घातला.

पुढच्या आठवड्यात आबांचा दौंडहून फोन. "मॅडम, लेकीचं पान उघडंना! हितं कॅफेत पाव्हणं बसल्यात शेजारी!"

"आबा, त्याची किल्ली रूपालीकडे."

पलीकडे जो काही आवाज झाला तो मी लिहीत नाही. पण पाहुण्यांमधला मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी सरळ आमच्या दुकानात आला. उंच, सडपातळ, पॉलिटेक्निक झालेला. घाम फुटलेला. आप्पाही त्याच्या मागोमाग हजर, मंडळाचं पहिलंच असं स्थळ! मुलगा म्हणाला, "पासवर्ड पाहिजे हुता."

"तो आमच्याकडे नाही. तिच्या कंपनीचा नंबर देते, फोन लाव."

त्यानं आमच्याच फोनवरून लावला. आम्हाला फक्त त्याची बाजू ऐकू येत होती.

"हॅलो... व्हय, मीच... न्हाई, आबांनी न्हाई पाठवलं, आपणहून आलो... व्हय... न्हाई, नोकरी कशाला सोडायची?... भात येतो... भाजी न्हाई येत... शिकीन की... न्हाई, आईला मी सांगंन... आत्ताच सांगू?... बरं, संध्याकाळी..."

मग त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, जरा कागद-पेन द्या. लई लांब पासवर्ड हाय!"

लिहून घेतला. एकेक बोटानं टाइप केला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्यांदा पान सावकाश वरून खाली उतरत गेलं. शेवटच्या ओळीशी त्याचे डोळे थांबले, त्यानं ती पुन्हा वाचली आणि मानेपर्यंत लाल झाला.

आप्पांना राहवेना. चष्मा पुसत ते त्याच्या खांद्यावरून वाकले. "काय लिवलंय रं तिनं?"

मुलानं दोन्ही हात पडद्यावर आडवे धरले.

"आप्पा, तुमच्याकडं पासवर्ड हाय का?"